परगावची हार

माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात शिरले की रस्ता पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्याकाठाने मढ गावाकडे येतो. या गावात किराणा आणि धान्याचे एक तीन पिढ्यांचे दुकान आहे. गावकरी मालकांना नुसते ‘शेठ’ म्हणतात. गावात खेळाच्या गप्पा निघाल्या तर त्या कबड्डीच्या किंवा क्रिकेटच्या असतात. गल्ल्यामागच्या भिंतीवर फुटबॉल संघाचा नारिंगी शर्ट टांगून ठेवणारे शेठ एकटेच.

हा छंद त्यांना मुलाने लावला. २०१४ साली मुलगा वाणिज्य शाखेत शिकण्यासाठी पुण्याला गेला आणि त्याच वर्षी इंडियन सुपर लीग सुरू होऊन ‘एफसी पुणे सिटी’ हा संघ मैदानात उतरला. शेठ मालाच्या खरेदीसाठी पुण्याला जात. एकदा मुलाने त्यांना बालेवाडीच्या मैदानावर नेले. पहिल्या दिवशी त्यांना खेळापेक्षा मुलाचा चेहराच अधिक पाहावासा वाटला. पुढे मात्र खेळही कळू लागला. खरेदीच्या फेऱ्या सामन्यांच्या तारखा पाहून ठरू लागल्या आणि घरातील मंडळी मिस्किलपणे हसू लागली.

२०१७ मध्ये मुलाला बेंगळुरूच्या एका कंपनीत हिशेब विभागात नोकरी लागली. “दोन-तीन वर्षे अनुभव घेईल, मग दुकान आहेच,” असे शेठ येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत. मुलाला मात्र त्यांनी याविषयी कधी स्पष्ट विचारले नव्हते. घरातील गोष्ट गृहीत धरण्याची आपली जुनी सवय असते. गिऱ्हाइकाशी आपण दर ठरवूनच बोलतो. मुलांशी मात्र न बोलताच सौदा झाला असे समजतो.

त्या मोसमात पुण्याचा संघ ३० गुणांसह चौथा आला आणि प्रथमच उपांत्य फेरीत पोचला. समोर होता गुणतक्त्यात ४० गुणांसह अव्वल असलेला बेंगळुरू. पहिला सामना ७ मार्च २०१८ रोजी बालेवाडीत झाला. विशाल कैथ याने गोल राखला, बेंगळुरूला एकही गोल करता आला नाही. पण पुण्यालाही तो करता आला नाही. शून्य-शून्य. मैदानाबाहेर पडताना पुष्कळजण समाधानी होते, बलाढ्य संघाला रोखले म्हणून. शेठना मात्र रुखरुख लागली होती. घरच्या पेठेत, आपल्या माणसांसमोर जो माल खपला नाही, तो परक्या पेठेत खपवणे किती कठीण असते, हे त्यांना व्यापाराने शिकवले होते.

दुसरा सामना रविवारी, ११ मार्चला, बेंगळुरूच्या श्री कांतीरवा मैदानावर होता. शनिवारी दुपारी पुतण्याला गल्ल्यावर बसवून शेठ निघाले. ओतूर, नारायणगाव, पुणे आणि तेथून रात्रीची बस. घरी कारण सांगितले ते मुलाला भेटण्याचे, आणि ते खोटेही नव्हते.

संध्याकाळचे जेवण दिवस मावळण्यापूर्वीच उरकून पितापुत्र मैदानावर गेले. दारातच शेठच्या लक्षात आले की मुलाने नारिंगी शर्ट घातलेला नाही. निळाही नव्हता, साधा पांढरा होता. ते काही बोलले नाहीत. आत सगळीकडे बेंगळुरूचा निळा रंग पसरला होता, ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’च्या समर्थकांचा घोष अखंड चालू होता आणि त्या गर्दीत नारिंगी रंग चिमूटभर दिसत होता.

पंधराव्या मिनिटाला सुनील छेत्रीने हेडरने गोल केला. मध्यंतरापर्यंत पुण्याचा संघ एका गोलाने मागे होता. पासष्टाव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली आणि छेत्रीनेच ती गोलात घातली. जवळच्या नारिंगी शर्टातील तरुण पंचाच्या नावाने ओरडू लागले. शेठ गप्प होते. मुलगाही गप्प होता. त्याच्या आजूबाजूला त्याच्या कचेरीतील दोन-तीन ओळखीचे चेहरे होते. तो त्यांच्याशी सफाईने कन्नडमध्ये चार शब्द बोलला. त्या चार शब्दांनी शेठना दुसऱ्या गोलापेक्षा अधिक अस्वस्थ केले. आठ-नऊ महिन्यांत मुलगा या गावचा होऊ लागला होता.

बयाऐंशीव्या मिनिटाला पुण्याच्या जोनातन लुकाने फ्री किकवर गोल केला. शेठ उठून उभे राहण्यापूर्वीच शेजारून मोठी आरोळी उठली. मुलगा दोन्ही हात उंचावून उभा होता. पुढची सात मिनिटे दोघे खाली बसले नाहीत. आणखी एक गोल आणि बरोबरी. एकोणनव्वदाव्या मिनिटाला छेत्रीने तिसरा गोल केला. निकाल ३-१. पुण्याची वाटचाल तेथेच संपली.

गर्दी ओसरेपर्यंत दोघे बसून राहिले. मुलगा म्हणाला, “पप्पा, ती पेनल्टी नसती तर...”

“पेनल्टीचे सोड,” शेठ म्हणाले. “आपण इथे हरलो नाही. बुधवारी घरच्या मैदानावर गोल केला नाही, तिथे हरलो.”

आणि मग, बहुधा स्वतःचेच वाक्य कानी पडल्यामुळे, चार वर्षे घरी न विचारलेला प्रश्न त्यांनी त्या परक्या मैदानाच्या पायऱ्यांवर विचारला. “तू दुकानावर परत येणार आहेस का?”

मुलाने खाली पाहिले. “नाही, पप्पा. सांगायचे होते. मढला आलो की धीर होत नव्हता.”

शेठ रागावले नाहीत. मनात चरचरले, ते लपलेही नसेल. पण मुलाने उत्तर फिरवले नव्हते, आणि चोख हिशेबाची किंमत त्यांना ठाऊक होती. बुडालेली रक्कम ‘येणे’ म्हणून वर्षानुवर्षे वहीत ओढत राहिले तर वही जड दिसते, पण त्या पैशात माल येत नाही. परतीच्या बसमध्ये त्यांना झोप लागली नाही. पहाटे कधीतरी, दुकान पुतण्याच्या हाती सोपवण्याचा विचार त्यांनी प्रथमच निश्चयाने केला. पुतण्याला दुकान आवडत होते. त्यालाही आजवर कोणी विचारले नव्हते.

सहा दिवसांनी, १७ मार्चला, त्याच कांतीरवा मैदानावर अंतिम सामना झाला. चेन्नईयिनने बेंगळुरूला त्यांच्याच घरी ३-२ ने हरवले. रात्री मुलाचा फोन आला. आवाज पडलेला होता. आता तो निळ्या बाजूचा होता, हे त्याने न सांगताच कळत होते. पुण्याला हरवणारे हरले म्हणून शेठना आनंद व्हायला हरकत नव्हती. तो झाला नाही. “घरची हार जास्त लागते रे,” ते म्हणाले आणि बराच वेळ त्याच्याशी त्या सामन्यावर बोलत राहिले.

पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, एफसी पुणे सिटी हा संघच बंद झाला. लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. बेंगळुरूची ती रात्र, जी शेठना सर्वांत वाईट वाटली होती, तीच पुण्याच्या संघाने गाठलेली सर्वांत वरची पायरी ठरली. २०२२ साली हैदराबादने विजेतेपद पटकावले, तेव्हा एका गिऱ्हाइकाने थट्टा केली, “शेठ, म्हणजे तुमचाच संघ जिंकला की!” शेठ हसून म्हणाले, “शेजारच्या गाळ्यात दुसऱ्याने दुकान थाटले, तर त्याचा नफा माझ्या वहीत कसा मांडू?”

आता गल्ल्यावर पुतण्या बसतो. शेठ सकाळी दोन तास येऊन बसतात. जो संघ आता कोठेच खेळत नाही, त्याचा शर्ट भिंतीवरून काढावा असे पुतण्याने एकदा सुचवले. शेठनी तो धुऊन पुन्हा तेथेच टांगला. मुलगा दिवाळीला येतो तेव्हा वहीपूजनाला काकाच्या घरच्यांसह बसतो, वर्षाचा हिशेब तपासून देतो आणि चार दिवसांनी आपल्या गावी परततो. त्या गावाला तो ‘आपले गाव’ म्हणतो. शेठही आता तसेच म्हणतात.

एरवी रविवारी संध्याकाळी बेंगळुरूचा सामना असला की जेवण लवकर उरकून ते दूरदर्शन संचासमोर बसतात आणि सामना संपला की फोनची वाट पाहतात. बेंगळुरू जिंकले तर फोन लगेच येतो. हरले तर ते स्वतःच लावतात.