आधी ऐक

निफाडची थंडी म्हणजे द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा. पारा चार-पाच अंशांवर उतरला, की पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात. मग बागेत शेकोट्या पेटवायच्या, नाहीतर पहाटे विहिरीचं कोमट पाणी ड्रिपने मुळांशी सोडायचं. थ्री फेज लाईटची पाळी दिवसाची असली, की पहाटेचा पंप ट्रॅक्टरवर चालवावा लागे. आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर अडून बसे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. लोखंडच गारठलेलं असलं, तर ती ऊब तेच पिऊन टाकतं. त्यात ऑइल काकवीसारखं घट्ट, बॅटरी मेलेली. हे मला पुस्तकातून कळलं. अण्णांना कानांनी कळायचं.

एका जानेवारीत पहाटे चारला मी चावी फिरवली. नुसतंच 'टक्'.

"थांब," अण्णा म्हणाले. "तो काय म्हणतोय ते ऐक आधी. नुसता टक् म्हणजे करंट पोचत नाही."

टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढला होता. आईने चुलीवरचं गरम पाणी आणलं. धुतलं, घासलं, आवळलं. आता स्टार्टर फिरला, पण इंजिन धरेना. अण्णांनी सायलेन्सरवर टॉर्च मारला.

"पांढरा धूर आहे. म्हणजे डिझेल येतंय, ऊब कमी पडतेय. धूरच नसता, तर लाईनीत हवा धरली म्हणायची."

शेजारचे दाजी पेटतं पाचट घेऊन आले. "चेंबरखाली जाळ करू का?"

"नको दाजी. डिझेल ठिबकतंय, त्याखाली जाळ कोण करतं?"

अण्णांनी गरम पाण्यात पोतं भिजवून मॅनिफोल्डवर टाकलं. मला हीटरचा खटका धरून वीस अंक मोजायला लावले. "क्लच पूर्ण दाब. गिअरबॉक्सातलं ऑइल स्टार्टरने कशाला ओढायचं?"

तिसऱ्या खेपेला इंजिनाने खोकल्यासारखं केलं, थरथरलं आणि धरलं. आई पदराने तोंड पुसत तिथंच ओट्यावर बसली. पाच वाजता ड्रिपला पाणी लागलं, ते ऊन वर येईपर्यंत चाललं.

बांधाकडच्या दोन ओळींचे मणी तडकले. बाकीची बाग वाचली. सोसायटीचं कर्ज त्याच मालावर होतं. मार्चात ते फिटलं, आणि उरलेल्या पैशांतून अण्णांनी पहिल्यांदा काय आणलं असेल, तर नवी बॅटरी.