दम धरायचा नाही, सोडायचा!

दमसास म्हणजे गवयाचा, पहिलवानाचा, फार तर कीर्तनकारबुवांचा, अशी आपली समजूत असते. घरातल्या बाईच्या दमाचा हिशेब कोणी मांडत नाही. पहाटे पाणी भरण्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत ती चालतेच आहे, म्हणजे दम असणारच! पण हीच बाई तिशीनंतर पोहायला उतरली की पाणी तिचा हिशेब चोख मांडून दाखवतं. 25 मीटरच्या तलावाची अर्धी लांबी होते न होते, तोच ती धापा टाकत कठडा शोधू लागते.

माझंही तेच झालं. आम्ही वसमतला राहतो. मुलीला पोहणं शिकवायचं म्हणून शनिवारची सकाळची शाळा आटोपून आणि रविवारी मी तिला एस.टी.ने नांदेडला नेऊ लागले. तिथल्या एका तरणतलावात बायका-मुलींची वेगळी वेळ आहे. 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाची ओरडही झाली नाही. मुलगी पाण्यात आणि मी काठावर तिचा टॉवेल सांभाळत बसलेली. चौथ्या खेपेला शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "बसून काय करता? उतरा की!"

घरी विषय काढला, तर हे नुसते हसले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "या वयात पोहून काय करायलीस ग?" मग थोडं थांबून स्वतःच सांगू लागल्या. लहानपणी कमरेला वाळका भोपळा बांधून त्या मळ्यातल्या विहिरीत पोहत असत. पुढे भोपळ्याशिवायही. "लग्न झालं, अन् मग विहिरीचं पाणी घागरीपुरतंच उरलं." त्यांचं हे वाक्य माझ्या मनातून जाईना.

महिना-दीड महिन्यात ब्रेस्टस्ट्रोकचे हातपाय जमले. पण दम? तो काही केल्या पुरेना. ताईंनी एकच प्रश्न विचारला, "श्वास सोडता कधी?"

मैत्रिणींनो, सगळी मेख इथेच आहे. नवशिकी बाई पाण्यात तोंड घालताना श्वास कोंडून धरते. जीव कासावीस होतो तो बहुधा प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, तर आतली खराब हवा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, साठल्यामुळे. मग ती डोकं वर काढते आणि घाईघाईने सोडणं-घेणं दोन्ही एकदम करू पाहते. त्यात धड सोडणं होत नाही, धड घेणं होत नाही. डोकं वर गेलं की पाय खाली जातात, पाय खाली गेले की पाणी जास्त अडवतं, आणि तिथून सगळी ओढाताण सुरू होते. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट असतं. त्याच्याशी झटापट करून ते हार जात नाही. घरात आपण एकमेकींना "दम धर" म्हणतो, पाण्यात मात्र दम सोडायला शिकावं लागतं.

हा सराव घरीही होतो. घमेल्यात किंवा मोठ्या पातेल्यात पाणी घ्यायचं, तोंडाने श्वास घ्यायचा, चेहरा पाण्यात घालून नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडायचे. मुलं हसतात, हसू द्यावीत! वीस-पंचवीस वेळा न दमता जमलं की तलावात फरक जाणवतो. मात्र आधी भराभर दीर्घ श्वास घेऊन मग पाण्याखाली थांबण्याची चढाओढ कधी करू नये. त्यात भोवळ येऊन बुडण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट, दम हप्त्याहप्त्याने वाढवायचा. ताईंनी आखून दिलेला क्रम असा: 25 मीटर पोहायचं, कठडा धरून दहा शांत श्वास घ्यायचे, पुन्हा 25 मीटर. असं चार वेळा. चारचे सहा झाले, सहाचे आठ झाले, की मधले श्वास दहावरून सातवर, सातावरून पाचावर आणायचे. त्यानंतरच सलग 50 मीटर. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, अंतर तरी किंवा विश्रांतीची काटछाट तरी. प्रत्येक हात मारल्यावर शरीर आपसूक सरकतं, तेवढं सरकू द्यायचं, लगेच दुसरा हात मारायचा नाही. मी बाई असल्यामुळे मनात दोनचा पाढा म्हणते. "बे एके बे" ला हात, "बे दुणे चार" पर्यंत नुसतं तरंगणं. सुरुवातीला एका लांबीला 30 हात लागत, आता 20 पुरतात. दम वाचतो तो इथे. आणि अगदीच थकवा आला तर पाठीवर उताणं तरंगायचं. ही विसाव्याची जागा आधी पक्की झाली, की भीती निम्मी होते.

वयाची सबब सांगणाऱ्यांनी मुरलीकांत पेटकरांची हकीकत आठवावी. सांगली जिल्ह्यातला हा जवान 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. उपचार म्हणून पाण्यात उतरला, आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्णपदक घेऊन आला. आरती साहा 1959 च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडी पार करू शकल्या नाहीत, पण सप्टेंबरात पुन्हा उतरल्या आणि 16 तास 20 मिनिटं पोहून पलीकडे गेल्या. आपल्याला खाडी ओलांडायची नाही, कठड्यापासून कठड्यापर्यंत जायचं आहे.

काही बारीक गोष्टी. जेवणानंतर दोन तास पाण्यात उतरू नये. आधी एखादं केळं पुरतं, अर्धापूर शेजारी असताना केळ्यांची काय वाण! केस साध्या पाण्याने भिजवून मगच टोपी घालावी, म्हणजे क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जातं. सुती कपडे पाण्यात जड होतात, पोहण्याचा अंगभर पोशाख मिळतो तो घ्यावा. रक्तदाब, दमा किंवा हृदयाची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. एकटीने कधी पोहू नये.

सहा महिन्यांत मी न थांबता 200 मीटरवर आले. यात पराक्रम काही नाही. पण आमच्या भागात मळ्यामळ्यांत विहिरी आहेत, पूर्णा प्रकल्पाचे कालवे आहेत. आठवीच्या वर्गात मी विचारलं, "पोहता कोणाला येतं?" मुलांचे बरेच हात वर झाले, मुलींचे फक्त तीन. धुणं घेऊन कालव्यावर जातात त्या मात्र मुलीच! त्या दिवशी फळ्यावरचा धडा बाजूला ठेवून मी त्यांना सांगितलं, तलावातला दम वाहत्या कालव्यात चालत नाही, काठ निसरडे असतात. कोणी बुडताना दिसलं तर उडी घेऊ नका, ओरडून माणसं जमवा. दोर, ओढणी, झाकण लावलेला रिकामा डबा, जे हाताशी असेल ते फेका.

आता रविवारी आमच्याबरोबर तिसरं अर्धं तिकीट असतं, शेजारच्या वहिनींचं. सध्या त्या बुडबुडे काढतात. सासूबाई संध्याकाळी विचारतात, "आज किती झालं?" मी आकडा सांगते. मग त्या नातीला जवळ बसवून विहिरीत सूर कसा मारायचा ते समजावतात. भोपळा लागला तर शोधून देईन म्हणतात!