पावती कुणाच्या नावानं?

ती. मामांस,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, नोकरी सांभाळून हा मुलांच्या बेसबॉलचा व्याप कशाला? तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

यंदा आमच्या गावच्या लिटल लीगची मी खजिनदार आहे. शिकवणारे, मैदान आखणारे, हॉट डॉगची टपरी चालवणारे, सगळे आईबाप. पगार कुणालाच नाही. पण विमा, हेल्मेटं, चेंडू, दिव्यांचं बिल थोडंच चुकतं? नोंदणीच्या फीत ते भागत नाही. मग दातांचे डॉक्टर, पिझ्झावाले, प्लंबर यांच्याकडे वर्गणी मागायची आणि शर्टाच्या पाठीवर त्यांचं नाव छापायचं.

ही रीत अगदी पहिल्या हंगामापासूनची. 1939 साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला कार्ल स्टॉट्झ यांनी भाच्यांसाठी हा खेळ लहान मापात बसवला. मोठ्यांच्या दोन बेसमध्ये 90 फूट अंतर असतं. मुलांसाठी ते 60 वर आणलं. पैशांसाठी त्यांनी किती उंबरे झिजवले, किती नकार ऐकले! पहिले तीन संघ प्रायोजकांच्याच नावाचे: लायकमिंग डेअरी, लंडी लंबर, जंबो प्रेट्झेल.

मला या लीगमधलं सगळ्यात काय आवडतं, सांगू? दहा वर्षांच्या पोरानं एका दिवसात 75 च्या वर चेंडू टाकायचे नाहीत, हात दुखावतो. म्हणून प्रत्येक सामन्याला कुणाची तरी आई वही घेऊन बसते आणि चेंडूगणिक एक रेघ ओढते. सामना रंगात आला तरी तिची मान वहीवरच.

मार्चमध्ये नोंदणीच्या दिवशी एक बाई आल्या. पाकिटात चुरगळलेल्या नोटा, फीच्या निम्म्याही नव्हत्या. मुलगा शेजारीच, हाताला मोठा होणारा ग्लव्ह छातीशी धरून. मला एकदम आपलं मंडळ आठवलं, खो-खोची पोरं आठवली, आणि तुमचं ते पावतीपुस्तक. मी पूर्ण पावती फाडली.

पुढच्या बैठकीत एकानं मागणी केली की फी माफ केलेल्या मुलांची यादी सगळ्यांसमोर ठेवा. मी साफ नाही म्हटलं. माफीची रक्कम हिशेबात दिसेल, नावं दिसणार नाहीत. त्या पोराला पाठीमागे कुणी 'फुकट्या' म्हटलेलं मला चालणार नाही. यावर मी भांडले, आणि पुन्हा भांडेन.

गेल्या शनिवारी पावसानंतर आम्ही दुसऱ्या बेसजवळचं पाणी स्पंजानं टिपत होतो. तो पोरगा न सांगता बादली घेऊन आला आणि तासभर पिळत बसला.

एक विचारायचं आहे. आपल्या मंडळातल्या, पैसे भरू न शकणाऱ्या मुलांच्या पावत्या तुम्ही कुणाच्या नावानं फाडायचात? आणि मामींना ते ठाऊक होतं का? सवडीनं कळवा.

तुमची भाची