टोक्याच्या घाटावर

१९८३ च्या दिवाळीच्या सुट्टीत गंगापूरहून आम्ही पाच शिक्षक नेवाशाला पैस खांबाच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना टोक्याला उतरलो, सिद्धेश्वराचे देऊळ पाहिले आणि घाटावर बसलो. समोर प्रवरा गोदावरीला मिळते. पलीकडे कायगाव, म्हणजे आमचाच तालुका. ऊन कलले होते, एस.टी.ला अजून वेळ होता.

जेवणाचे डबे रिकामे झालेले. एकाने सहज डब्यावर ठेका धरला आणि काय सांगू, आमचे गणिताचे सर गाऊ लागले! वर्गात ज्यांचा आवाज चढला की पोरे चळाचळा कापत, तेच सर नाथांचे विंचवाचे भारूड हातवारे करून म्हणत होते. (पेटी-तबला असता तर सगळे बिघडले असते, असे माझे मत.) पाण्याला आलेल्या दोघी बायका आधी हसल्या, मग पालुपद धरू लागल्या. एक सोडून दोन गाड्या गेल्या, उठले कोणीच नाही.

सर गेल्या वर्षी गेले. त्यांच्या आवाजाची एकही टेप कुणाकडे नाही. परवा त्यांच्या नातवाने मला विचारले, "आमचे आजोबा गायचे?" म्हणून हे लिहून ठेवले.