कोपऱ्यातला सिलिंडर

आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळात एक नियम आहे. ज्याचा फोटो टेबलावर, त्याने बाकीच्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. नव्या माणसाला हे फार जड जातं. पहाटे तीनला पुणं सोडलं, भिगवणला पोचलो तर उजनीच्या पाण्यावर हे एवढं धुकं, नावाडी निघायला तयार नाही, बोटं गारठून शटर दाबता येईना आणि मग एकाएकी रोहित पक्ष्यांचा थवा उठला, हे सगळं त्याच्या अगदी ओठांवर असतं. टेबलावर असतो मात्र आठ बाय बाराचा एक कागद आणि त्यावर गुलाबी ठिपके. थंडी त्यात उतरलेली नसते. धुकं उतरलेलं असतं, तर ते त्यानेच रात्री डीहेझचा स्लायडर ओढून पुसून टाकलेलं असतं.

मंडळ म्हटलं की कौतुक आलंच. वा, काय लाइट पकडलाय! समोरच्याचं मन मोडायला कुणाला आवडतं? शिवाय आज मी तुझ्या फोटोला हार घातला तर उद्या तू माझ्या फोटोला घालशील, हा हिशेब असतोच; बोलून कुणी दाखवत नाही, एवढंच. दुसऱ्या टोकाला फूटपट्टीवाले. होरायझन कललंय, हायलाइट्स उडालेत, विषय बरोबर मध्यात आलाय. मला त्यांचा राग येत नाही, कारण चुका खऱ्याच असतात. पण माझा संशय असा, की दोघांनीही फोटो बघितलेलाच नसतो. एकाने माणूस बघितलेला असतो, दुसऱ्याने पुस्तक.

बघायला वेळ लागतो. सलॉनच्या, म्हणजे फोटोस्पर्धेच्या, परीक्षणात पडद्यावर फोटो येतो, परीक्षक गुण देतात आणि काही सेकंदांत पुढचा फोटो. ढिगाने फोटो आले की ते तरी दुसरं काय करणार? आम्हाला घाई नाही. म्हणून आधी एवढंच सांगायचं, की नजर पहिल्यांदा कुठे गेली, तिथून कुठे सरकली आणि कुठून बाहेर पडली. बरं-वाईट नंतर. मध्येच कुणी प्रिंट उलटी फिरवतो. डोकं खाली, पाय वर झाले की चेहऱ्याची माया सुटते आणि उजेड-काळोखाचे आकार तेवढे उरतात. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँही फोटो असे उलटे धरून बघत असे.

यात बोलणाराही उघडा पडतो. एका वारीच्या फोटोत माझी नजर डोईवरच्या तुळशीवृंदावनावर ठरलीच नाही. ती मागे मोबाइल उंच धरलेल्या पोरावर गेली. हे सांगताना जरा चोरट्यासारखं झालं. सगळ्यांना भक्ती दिसली, मला पोरगा. आणि आपला फोटो मध्ये असला की कान तापतात. पहिल्या वाक्याला उत्तर तयार असतं, दुसऱ्यालाही. मग बोलायचं नाहीच म्हटल्यावर ती उत्तरं आपोआप विरतात आणि लोक कुठल्या तरी तिसऱ्याच्याच फोटोबद्दल बोलताहेत, असं वाटायला लागतं. तिथपासून ऐकू येतं.

गेल्या पावसाळ्यात एका बाईंनी सासूबाईंचा फोटो आणला. सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या, पदर कमरेला खोचलेला, खिडकीतला ओलसर उजेड परातीतल्या पिठावर. आणि उजव्या कोपऱ्यात अर्धवट कापला गेलेला लाल सिलिंडर, त्याची नारिंगी नळी वर चढलेली. टेबलाभोवती क्वचित होतं ते झालं: एकमत. सिलिंडर काढा, लाल रंग डोळा ओढतो, पीठ मागे पडतं. एकाने पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे प्रिंटवर ठेवून दाखवलंही. चौकट खरोखरच शांत झाली. क्रॉपचा विषय निघाला की आमच्याकडे ठरलेला दाखलाही निघतो: कार्तिए-ब्रेसाँला फोटो कापणं नामंजूर, पण १९३२ साली पॅरिसच्या सेंट-लाझार स्टेशनामागे साचलेल्या पाण्यावरून झेपावणाऱ्या माणसाचा त्याचा तो प्रसिद्ध फोटो कापलेलाच आहे. कुंपणाच्या फटीतून काढताना फळी आडवी आली होती.

मग बाईंची बोलायची पाळी आली.

"सिलिंडर राहील," त्या म्हणाल्या. "तो काढला की हे जुन्या काळचं गोड स्वयंपाकघर होतं. आमच्या सासूबाई आजच्या आहेत. तो सिलिंडर त्यांनीच बुक केलाय, मोबाइलवरून."

पुठ्ठे उचलले गेले.

सूचना मानायची नसेल तर ऐकायची कशाला, असं कुणी विचारलं तर मी पुढच्या बैठकीकडे बोट दाखवीन. बाईंनी तोच फोटो पुन्हा आणला होता. मूळ फाइलमध्ये उजवीकडे जागा होती. ती घेऊन त्यांनी सिलिंडर अख्खा आत घेतला होता. आधी तो फोटोत घुसल्यासारखा वाटायचा. आता त्या घरात राहत होता, आणि पीठही कुठे मागे पडलं नव्हतं. सगळ्यांनी सांगितलं होतं त्याच्या बरोब्बर उलट त्यांनी केलं होतं. पण सगळ्यांनी बोट ठेवलं नसतं तर त्या कोपऱ्याकडे त्या स्वतःही पुन्हा वळल्या नसत्या.

फूटपट्टीवाल्यांतला एकजण म्हणालाच, "ओटा तिरका आलाय."

ओटा तिरका होता. बाईंनी लिहून घेतलं.