मोडशी

वेंगुर्ले, 6 जुलै
रात्रभर पाऊस. भावाच्या ओळखीची जर्मन पाहुणी परवापासून आमच्याकडे उतरली आहे. आज पहाटेपासून तिच्या न्हाणीघराकडे फेऱ्या चालू. तिच्याजवळच्या प्रवासाच्या पुस्तकात या दुखण्याचं नाव 'दिल्ली बेली'. ती दिल्लीला अजून गेलेलीसुद्धा नाही! आतेने एकदा तिच्याकडे बघितलं. "चेडवाक मोडशी झाली हा. काल गरे किती खाल्ल्यान?" लगेच पेज, वर मिरी-जिऱ्याची पूड.

7 जुलै
आतेचा शब्द डोक्यातून जाईना, म्हणून गार्सिया द ओर्ता काढला. हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला. 1563 साली तिथेच छापलेल्या पुस्तकात त्याने पटकीवर लिहिलं, तेही आपलाच शब्द घेऊन. पोर्तुगीज जिभेवर त्याचं 'मोर्देशीं' झालं. अति खाण्याने होते, जून-जुलैत जोर धरते, तांदळाचं पाणी मिरी-जिरे घालून द्यावं, पायांना डाग द्यावा. डाग वगळला तर सगळं आतेचंच. या माणसाने इथल्या वैद्यांना विचारलं होतं, हे जाणवतं.

8 जुलै
पुढच्यांनी विचारलं नाही. फ्रेंचांच्या कानाला 'मोर्देशीं' म्हणजे 'मोर द शियँ' वाटलं. अर्थ, कुत्र्याचं मरण. आपल्याकडे अजीर्णापासून पटकीपर्यंत कशालाही चालणारा घरगुती शब्द, तो तिकडे पोचला तो हे रूप घेऊन. घरी बसून हिंदुस्थानची वर्णनं वाचणाऱ्याला त्या नावातच अख्खा देश दिसला असणार.

1817 साली जेसोरकडून साथ उठली, जगभर गेली, आणि नाव पडलं 'एशियाटिक कॉलरा'. साथ बंगालातून निघाली हे खरंच, त्यावर रुसण्यात अर्थ नाही. पण 1892 साली हॅम्बुर्गमध्ये नळाला एल्बे नदीचं न गाळलेलं पाणी येत होतं आणि आठ हजारांवर माणसं दगावली. शेजारच्या आल्टोनात पाणी गाळून देत, तिथे फारसं काही झालं नाही. तरी नाव एशियाटिकच राहिलं.

पाहुणीला हे सांगावंसं वाटलं. पण ती झोपली होती, आणि पाहुण्याला असलं ऐकवायचं तरी कशाला.

10 जुलै
पाहुणी खडखडीत बरी. दुपारच्या गाडीने पुण्याला निघाली. आतेने पेजेसाठी उकड्या तांदळाची पुडी बांधून दिली आणि मला दटावलं, "तिका सांग, घाटावरचा पाणी बाधता. उकळून पी म्हणा."