हवा जाते कुठे?

प्रिय सई,



तुझा निरोप ऐकला. बाबांची गाडी पावसाळाभर अंगणात उभी राहिली आणि आता पुढचं चाक पार बसलंय. पंप घरघरतोय, पण टायर हवाच घेत नाही, तर सरळ नवीन टायर घेऊ का, असं विचारतेस. जरा दमानं घे. खर्चाचं शेवटी बघू. आधी एवढंच शोध: हवा आत जातच नाहीये, की आत जाऊन बाहेर पडतेय? वरून दोन्ही सारखंच दिसतं, पण इलाज अगदी वेगळे.

हे ओळखायला पंपावरचा काटा पुरतो. पंप सुरू करताच काटा झपकन 40-50 वर चढला आणि टायर मात्र चपटाच राहिला, तर हवा व्हॉल्व्हपाशी अडलीय. काटा शून्यावर आणि रिमच्या कडेनं फुसफुस, तर हवा आत जाऊन निसटतेय. काटाही हलत नाही आणि चाकापाशी आवाजही नाही, तर टायरला बोल लावू नकोस. तुझ्या स्कूटरच्या चाकाला तोच पंप लावून बघ. दोष पंपाचा की चाकाचा, ते तिथल्या तिथे कळेल.

व्हॉल्व्हच्या मधोमध बारीक पिन असते. पंपाचं तोंड तिरपं बसलं तर ती दाबली जात नाही आणि दार बंदच राहतं. तोंड सरळ धरून पुन्हा बसव. व्हॉल्व्हवर टोपण नव्हतं का? मग आत माती साचून पिन अडकली असेल. जॉर्ज श्रेडर यांच्या 1893च्या पेटंटमधली ही पिनेची युक्ती आजही गाडीला, स्कूटरला तीच आहे. पिन पंक्चरवाल्याकडे सुटी मिळते आणि छोट्या पान्यानं फिरवून बदलता येते. व्हॉल्व्हचं रबरही वाकवून बघ. बुडाशी चिरा दिसल्या तर अख्खा व्हॉल्व्हच बदलायचा.

पण मला दाट शंका आहे ती कडेची. ट्यूबलेस टायरची कड रिमला घट्ट चिकटून बसते, म्हणूनच हवा आत राहते. धडधाकट टायरमधूनही महिन्याला एखाद-दुसरा पीएसआय दाब कमी होतो. गाडी महिनोन् महिने एका जागी उभी, त्यात रत्नागिरीची खारी हवा लागून रिमला गंज; दाब उतरत गेला आणि गाडीच्या भारानं कड सुटली. कुकरची रिंग नीट बसली नाही तर वाफ बाजूनं निसटते आणि शिट्टी होतच नाही, तसंच हे. तुझा छोटा पंप हवा देतो संथपणे, आणि फटीतून ती त्याहून जोरात पळते.

आता करायचं ते असं. सपाट, कडक जमिनीवर हँडब्रेक ओढ, गाडी गिअरमध्ये ठेव, मागच्या चाकांना दगड लाव आणि जॅकनं चाक जमिनीवरून उचल. भार उतरला की निम्मं काम झालं. गाडीखाली मात्र हातपाय घालायचे नाहीत. कडेची माती, गंज पुसून दोन्ही बाजूंना साबणाचं दाट पाणी लाव. टायरच्या घेरावर मधोमध दोर गुंडाळ आणि काठी घालून पीळ दे, म्हणजे टायरच्या बाजू फुगून रिमकडे सरकतील. मग पंप लाव. काटा हलू लागला की पंप बंद करून दोर सोड आणि पुन्हा भर. ‘फट्’ असा आवाज आला की घाबरू नकोस, कड जागेवर बसली. चाकासमोर न बसता बाजूला थांब. 40 पीएसआयपर्यंत कड बसली नाही तर हट्ट करायचा नाही, हवा सोडून द्यायची. पेट्रोल शिंपडून काडी लावण्याचे व्हिडिओ फिरतात. त्यांच्या वाटेला अजिबात जाऊ नकोस.

जमलं नाही तर चाक काढून रिक्षात टाक आणि पंक्चरवाल्याकडे ने. त्याच्या टाकीत हवा साठवलेली असते. ती एकदम भसकन सुटते, म्हणून त्याचं काम चुटकीसरशी होतं. त्याला टायर उतरवून आतून बघायला सांग. बसलेल्या चाकावर कुणी गाडी चालवली असेल तर आत रबराचा काळा भुगा सापडतो आणि बाजूच्या भिंतीवर गोल वळ दिसतात. अशा टायरनं हवा धरली तरी तो फुटू शकतो. तेव्हा पैसे वाचवू नकोस, नवीनच घे. वयही बघ: टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 2317 म्हणजे 2017चा तेविसावा आठवडा.

सगळं नीट जमलं तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब भर, कडेला आणि व्हॉल्व्हला पुन्हा साबणाचं पाणी लाव आणि बुडबुडे येतात का बघ. दुसऱ्या दिवशी सकाळी दाब मोज. तो उतरला नसेल तरच आईला बसवून मुंबईला निघ, आणि निघण्याआधी स्टेपनीतली हवाही तपास.

तुझा,
मामा